हाकेले ओ

माय, चवथीतच शाळा सुटली माही, अक्षर वाकडं हाये. तरी तुलेच लिहून राह्यली. हा कागद कोणाले दाखवाचा नाई, चुलीतच टाकाचा हाये.

मोहफूल वेचाले जातानी तू दोनच गोष्टी शिकवल्या. खाली बसून वेचाचं नाई, बसलेला माणूस वाघाले जनावर वाटते. आन् जंगलात कोणी हाक मारली का ओ द्याची, घरी कितीबी भांडण असो. त्या सकाळी तू तीनदा हाक मारली, "कुठी हायेस वं?" काकी बाजूच्याच झाडाखाली होती. झाडाच्या वाटणीवरून तुमचं भांडण झालं होतं, म्हणून तिनं ओ नाई देली. मंग वाघानं तुले नाल्यापर्यंत ओढत नेलं. "मले ऐकूच नाई आलं," काकी साऱ्या गावाले सांगे. तुह्या टोपल्यातले फुलं मात्र तिनं आपल्या आंगणात वाळवले. तवापासून मी काकीच्या पाळीची वाट पाहून राह्यली होती.

आता काकीले धड दिसत नाई. माहा नवरा मिरची तोडाले तेलंगणात गेला, पोरीले कोणापाशी ठेवू? मोह वेचाले संगं नेते. पान वाजलं तरी तिले जवळ ओढते. आज काकी आमच्या मागं मागं आली आन् झाडीत मागंच राह्यली. "कुठी हायेस वं?"

मी चूप. पोरीच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हाकेले काकीचा आवाज कापत होता. मले बरं वाटलं, माय. म्हटलं, समजू दे आता. तिसरी हाक रडतच आली. तेवढ्यात पोरगी माह्या हाताले कचकन चावली न ओरडली, "ओऽ आजी! इकडं ये!"

काकी ठेचा खात आली. "काऊन वं, बहिरी झाली का? तुह्या मायसारखं मलेबी..." आन् तिथंच थांबली. माह्याकडं पाहेच ना.

पोरगी म्हणते, "तूच त सांगतलं, ओ द्याची म्हणून."

काकीले मी माफ नाई केलं. करणारबी नाई. पण त्या सकाळी बसून वेचतानी पाहून तू मले थापड मारली होती ना, तवा मी रुसून खोडामागं जाऊन बसली होती. तुह्या तिन्ही हाका मलेबी ऐकू आल्या होत्या.