मधुवंतीची सहा पानं

भिलाई
रविवार, दुपार

प्रिय उर्वी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील, अशी धास्ती आहे. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर नुसत्या दोन निळ्या खुणा येतात. चार वर्षं झाली. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं. तू घरी यावंस, नाहीतर निदान एकदा बोलावंस, एवढंच मला हवं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी गाडी मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला ठाऊकच आहे.

तब्येत बरी आहे. निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोनदा दुर्गला कॉलेजात जातो. एम.ए.ची मुलं अजून माझ्याच गळ्यात असतात. प्रत्येकानं एक कुटुंब निवडायचं, सहा महिने त्या घरी जाऊन बसायचं आणि मग त्या घरावर लिहायचं. मागच्या महिन्यात माहितीचा तक्ता कसा भरायचा हे शिकवताना मी फळ्यावर आपल्याच घराचा भरून दाखवला. कुटुंबातले सदस्य, एक. मुलं हसली, मीही हसलो. घरी येऊन कुकर लावायला घेतला आणि डाळ धुता धुता मला रडू आलं. फार एकटं वाटतं गं. तुझ्या आईच्या मागे तू होतीस म्हणून ते कळलं नव्हतं.

यंदा टीना नावाची एक पोरगी आहे. वडील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला, घरी आपल्यासारखीच नागपूरकडची बोली, बाहेर सगळं हिंदी. तिनं मरोद्याच्या जानरावांचं घर निवडलं. जानराव विधुर आहेत, दोन्ही मुलगे एकाच गल्लीत वेगवेगळे राहतात. म्हातारा संध्याकाळी थोरल्या सुनेकडे पोटभर जेवतो आणि तासाभरानं धाकटीकडे जाऊन पुन्हा पोटभर जेवतो. दोघींनाही वाटतं, मामंजी आपल्याच हातचं खातात. त्यात त्यांना शुगर. डॉक्टर रागावले की बिचाऱ्या चहावर आळ घेतात. टीनानं हे इतकं सुरेख लिहिलं होतं की मी वर्गात वाचून दाखवलं.

शेवटच्या प्रतीत मात्र तो परिच्छेद नव्हता. चौकशी केली तर कळलं, बाईसाहेब लेख घेऊन मरोद्याला गेल्या होत्या आणि जानरावांना अंगणात बसून अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला होता. असं करायला मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. म्हणाले, "बाई, एवढं काढून टाक. सुनाइले समजलं तं दोघीइचं बोलणं बंद होईन." तिनं तिथल्या तिथे काट मारली. मी चिडलो. म्हटलं, लेखाचा जीवच काढलास तू. तर शांतपणे म्हणते, "सर, गोष्ट त्याइची आहे, मी तं फक्त ऐकून आली. त्याइले नको आहे तं मी कायले ठेवू?"

मी माझं नेहमीचं अस्त्र काढलं. नावं बदल, क्वार्टरचा नंबर बदल, मग कोणाला कळतंय. आणि हे बोलता बोलताच माझी जीभ अडखळली.

माझ्या लेखात तुझं नाव मी मधुवंती ठेवलं होतं. सेक्टरचा आकडा बदलला होता. बारावीत नापास झालेली सतरा वर्षांची मुलगी वॉर्डात आईच्या उशाशी बसते आणि फर्स्ट क्लास मिळाला म्हणून सांगते. बाप पडद्यामागे उभा राहून ऐकतो. नवव्या दिवशी आई जाते. लेखाचं शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. 'आई समाधानानं गेली, आणि ते समाधान खोटं होतं.' नमुना म्हणून अकरा वर्षं प्रत्येक तुकडीला मी तो लेख दिला, आणि पडद्यामागे मी होतो हे तुला मात्र कधी सांगितलं नाही. मग माझा निरोपसमारंभ झाला. तुला मीच आग्रहानं नाशिकहून बोलावलं, दुसऱ्या रांगेत बसवलं, आणि एका विद्यार्थ्यानं सरांचा गाजलेला लेख म्हणून माइकवर तोच वाचला. तुझी आई गेली तेव्हाचं सगळं आपल्या लोकांना माहीत होतं, तुझं वर्ष गेलं हेही. माना वळल्या. तू उठलीस आणि जेवणाला न थांबता दुर्ग स्टेशनला गेलीस. त्यावर मी तुला काय लिहावं? 'अगं, नावं बदलली होती.' आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. कॉलेज मुलांच्या लेखांचं पुस्तक काढत आहे, त्यात पहिला माझा लेख होता. तो मी परत घेतला. ती सहा पानं सोबत आहेत, फाडायची तर फाड. पण त्यात एक गोष्ट नाही आणि ती तुझी आहे. फर्स्ट क्लासचं सांगून तू औषध आणायला खाली गेलीस तेव्हा तुझ्या आईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "पोरगी नापास झाली वाटते. पास झाली असती तं आधी टक्के सांगतले असते तिनं. तुम्ही तिले काही म्हणू नका. माह्यासाठी किती जीव तोडून खोटं बोलली." आणि हसली. पुष्कळ दिवसांनी हसली होती. तिनं बोलू नका म्हटलं म्हणून आधी गप्प राहिलो. पण लिहिताना मात्र हे मी मुद्दाम गाळलं, उर्वी. ते ठेवलं असतं तर माझं शेवटचं वाक्य उभं राहिलं नसतं. पंधरा वर्षं तू आईला फसवल्याचं ओझं वाहिलंस, तेही एका वाक्यापायी. तिला सगळं कळलं होतं, आणि तुझ्यावर ती खूश होती.

तुझाच,
बाबा