कुंडलिकबापूंचं पान

शुक्रवार पेठ, सोलापूर
दिवाळी उलटून गेल्यावर

प्रिय रेश्मा,

तुझे फोन मी उचलले नाहीत. राग नव्हता गं, बोलायचं त्राण नव्हतं. फोनवर तू लगेच उपाय सांगायला लागतेस आणि मला हो-हो म्हणावं लागतं. म्हणून लिहिते आहे. तू पुण्याला गेल्यापासून आपण एकमेकींना चार ओळींपेक्षा जास्त कधी लिहिलं नाही, त्यामुळे एवढं लांबलचक पत्र बघून तू घाबरशील. घाबरू नकोस. मी बरी आहे. थोडा खोकला आहे, आणि कितीही झोपलं तरी झोप पुरत नाही, एवढंच.

आपण ‘सीनाकाठ’ ही बातम्यांची साइट सुरू केली तेव्हा खालच्या गिरणीचं पीठ उडून आपल्या कीबोर्डवर बसायचं, आठवतं? बाजारभाव, कुठल्या गावची लाइट जाणार, कुठे यात्रा, असल्या बातम्या. दिवसात शंभरेक माणसं साइटवर आली की तू खुशीत खाली जाऊन भजी आणायचीस. तू पुण्यात जाहिरातींच्या कंपनीत लागलीस, मी इथेच राहिले, आणि साइट कशीबशी चालत राहिली. यंदा सप्टेंबरात सीना नदीला पूर आला आणि इतक्या वर्षांत मिळून आली नसतील तेवढी माणसं एका आठवड्यात आली. लांबोटीजवळ हायवेवर पाणी चढलं आणि पुणे, सुरत, दुबई, जिथे जिथे आपल्याकडची पोरं कामाला आहेत तिथून लोक एकच शोधत होते, माझ्या गावाचं काय झालं. कुठला पूल बंद, कुठल्या शाळेत माणसं हलवली, हे मी तासातासाला बदलत बसले होते. गर्दीने साइट मध्येच अडकायची, मग लोक थेट फोन करायचे.

आणि त्याच आठवड्यात जाहिराती गेल्या. तूच मला समजावलंस की यात कुणाचा कट नसतो, पूर, मृत्यू, बेपत्ता असे शब्द दिसले की मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती त्या पानावर आपोआप लागत नाहीत. आपल्या मालाचं नाव कुणाच्या दुःखाशेजारी नको. चाटी गल्लीतल्या साडीवाल्या काकांनी तर यंत्रावर न सोडता स्वतः फोन केला. म्हणाले, “सिद्धेश्वरी, माणसं बुडाल्याच्या बातमीखाली माझ्या साड्या बऱ्या दिसत न्हाईत बघ. पाणी उतरू दे, मग लावू.” त्यांचंही खोटं नव्हतं. तू सुचवलंस, ‘पूर’ लिहू नकोस, ‘पाण्याची आवक वाढली’ असं लिही. मी तसं एक पान लिहूनही पाहिलं. ते कुणाला सापडलंच नाही. ज्याची आई पत्र्यावर बसली आहे तो पोरगा आवक शोधत नाही, रेश्मा, तो पूर शोधतो. मी शब्द परत घातला. तुला ते पटलं नव्हतं, हे मला कळलं होतं.

आता कुंडलिकबापूंचं सांगते. मोहोळच्या अलीकडे नदीकाठचं गाव. बापू पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे, दहा गावांत ओळख. नदी फुगायला लागली तेव्हा काठावरच्या लोकांच्या मोटारी वर काढून द्यायला गेले आणि परतले नाहीत. त्यांची मुलगी सृष्टी इथे सोलापुरात नर्सिंग शिकते. तिने मला फोटो पाठवला, मी ‘बेपत्ता’ म्हणून पान केलं आणि ते सगळीकडे फिरलं. दुपारी तिचा फोन. आवाज अगदी शांत. “ताई, बापूंच्या फोटोखाली ती हसणारी माणसं आहेत, ती तेवढी काढा की.” मी उघडून पाहिलं. कुठल्याशा वॉटर पार्कची जाहिरात होती. लेकरं घसरगुंडीवरून पाण्यात पडताहेत आणि आईबाप टाळ्या वाजवताहेत. ती मी लावली नव्हती, खरं तर कुणीच लावली नव्हती. मोठ्या कंपन्या गेल्या तेव्हा जागा स्वस्त झाली, आणि यंत्राने पानावर पाणी, नदी असे शब्द पाहिले, बस्स. पण सृष्टीला मी हे काय सांगणार होते? मी सॉरी म्हटलं आणि आधी त्या पानावरच्या, मग पुराच्या सगळ्याच पानांवरच्या जाहिराती बंद केल्या. सगळ्यात जास्त माणसं आली त्या दिवसांत साइटवर एकही जाहिरात नव्हती. तुला धक्का बसेल म्हणून तेव्हा सांगितलं नाही.

पाणी उतरल्यावर एका सकाळी कर्नाटकातून फोन आला. भीमेच्या काठचा शरणबसव नावाचा शेतकरी. मराठी येत नव्हतं, कन्नड न कळून मी फोन ठेवेन या भीतीने घाईघाईने बोलत होता. मी आमच्या दुधनीच्या कन्नडमधून बोलले तेव्हा त्याने श्वास सोडला. म्हणाला, अक्का, तुमच्या पानावरचा माणूस आमच्या उसाला अडकलाय, हातातलं कडं फोटोतलंच आहे, पोलिसांना सांगितलंय, पण घरच्यांना तुम्ही सांगा. सीनेने बापूंना भीमेत नेऊन सोडलं होतं. ते पान त्याच्या भाच्याने त्याला दाखवलं होतं. सृष्टीला मी फोनवर सांगू शकले नाही, तिच्या होस्टेलवर गेले. मला दारात बघूनच ती खाली बसली. पुढचं लिहीत नाही.

त्यानंतर माणसं जशी आली तशी निघून गेली. दसऱ्यापर्यंत साइट पहिल्यापेक्षाही ओस पडली. साडीवाले काका दिवाळीला परत येणार होते, पण बाजारातच गिऱ्हाईक नव्हतं, ज्यांची घरं चिखलात होती ते साड्या कशाला घेतील? मोठ्या जाहिरातीही नीटशा परतल्या नाहीत. मी चालवायचा प्रयत्न केला, खरंच केला. एक दिवस बाजारभाव भरता भरता मला कांदा कुठल्या रकान्यात घालायचा तेच सुचेना, तेव्हा मी घरी अप्पांना फोन केला. अप्पा म्हणाले, “ये बाळ, आडतीवर माणूस लागतंयच की.” पुढच्या आठवड्यात मी दुधनीला जाते आहे. खोली सोडली आहे. तुला हे असं कळावं असं मला वाटत नव्हतं, पण फोनवर तू मला थांबवलं असतंस आणि मी थांबले असते.

जायच्या आधी एकदा सृष्टीच्या आईला, बजाबाईंना, भेटून आले. त्याला कारण होतं. साइट ओस पडली तरी आकडेवारीत दिसायचं, बापूंच्या पानावर रोज संध्याकाळी मोहोळकडून कुणीतरी येत होतं, बराच वेळ थांबत होतं. मला वाटलं फोटोसाठी असेल, म्हणून फोटो मोठा करून, काचेत बसवून नेला. बजाबाईंनी तो घेतला, पदराने पुसला, बाजूला ठेवला आणि शेजारणीच्या सुनेला हाक मारली. ती फोन घेऊन आली. मग मला कळलं. त्या पानाखाली लोकांनी लिहिलं आहे, रेश्मा. आधी कुठे दिसले, काय अंगावर होतं, असलं. नंतर दुसरंच. बापूंनी माझ्या लग्नाच्या दिवशी विहिरीत उतरून मोटार सुरू करून दिली. बापू आमच्या आजीला दर खेपेला तंबाखू आणायचे. अजूनही अधूनमधून एखादा लिहितो. बजाबाईंना वाचता येत नाही, ती पोरगी रोज वाचून दाखवते, जुनंच पुन्हा पुन्हा. बजाबाई म्हणाल्या, “ह्यातलं निम्मं मला ठावंच न्हवतं बघा. घरी यिऊन कदी बोलायचं न्हाईत.”

तर पत्र लिहायचं कारण. ‘सीनाकाठ’ हे साइटचं नाव तू तेव्हा तुझ्या नावावर घेतलं होतंस, त्याची मुदत आता संपते आहे, पैसे भरले नाहीत तर साइट बंद पडेल. तू ते सोडून द्यायचं ठरवलं असशील तर मी समजू शकते, जिथे कुणी येत नाही ते कशाला ठेवायचं, हेच तर तुझं काम आहे. बाकी सगळं पुसलंस तरी चालेल, आपल्या पहिल्या बातम्यासुद्धा. ते एक पान मात्र राहू दे, जाहिरातीशिवाय. निघताना बजाबाईंनी मला दारात धरून विचारलं, “ताई, हे किती दिस ऱ्हाईल वो?” आणि मी तुला न विचारताच त्यांना सांगून आले आहे, राहील की.

तुझीच,
सिद्धू