दिगंबरकाकांच्या पायांची आग

४ जुलै, शुक्र.
मलकपेठ. पद्माम्मांच्या ऊर्जा-उपचाराच्या खोलीत तीन मुलाखती. पीएचडीच्या गाईडबाईंनी सकाळी पुन्हा बजावलं : ऊर्जा वगैरे खरी की खोटी हे आपण ठरवायचं नाही, पेशंटला काय वाटतं तेवढंच लिहायचं. बरं.
दिगंबरकाका आज नवीन. गौलीगुड्याचे, कोर्टातून रिटायर. साखरेमुळे, म्हणजे डायबेटिसमुळे, तळपायांची आग होते. दहापैकी किती, विचारलं. "आठ लिव्ह. नऊ लिहिलं तर पोरगा परेशान होईल." माझं मराठी ऐकून खूश झाले, इकडे क्वचितच कानावर पडतं. मला बाळ म्हणतात.

१८ जुलै
काकांचा आकडा तीन! पद्माम्मा हात टेकवत नाहीत, पायांच्या चार बोटं वर नुसते धरतात, अर्धा तास. नेमकं काय वाटतं? म्हणाले, बायको गेल्यापासून माझ्या पायांशी कुणी बसलं नव्हतं.
यासाठी फॉर्मात रकाना नाही. समासात लिहिलं. परतताना चिक्कडपल्लीचा माझा स्टॉप चुकला, पुढून चालत आले.

१ ऑगस्ट
काका : एक. खुशीत. बोलता बोलता म्हणाले, साखरेच्या गोळ्या सोडल्या, तीन आठवडे झाले. पद्माम्मांनी सांगितलं का? नाही, त्यांना माहीतच नाही. त्यांनी तर भिंतीवर पाटी लावलीय, डॉक्टरांची औषधं बंद करू नका म्हणून. पोराला सांगू नको म्हणाले. मी हौ म्हटलं. का म्हटलं?
निघताना डाव्या मोज्यावर तपकिरी डाग दिसला. काकांना पत्ता नव्हता. मोजा काढायला लावला. अंगठ्याखाली जखम, कडा काळ्या.
दुखत नाही? "काहीच नाही बाळ. आरामच आराम."
आत्ताच डॉक्टरकडे चला म्हटलं. सोमवारी बघू म्हणाले, रिक्षात बसून गेले.
आग थांबली ती बरं वाटून, की पायच बधिर झालाय...

२ ऑगस्ट
बाईंना फोन. त्या म्हणाल्या, जिवाला धोका असेल तर घरी कळवायलाच हवं, पण आधी काकांना सांग. ते नको म्हणतील याची भीती वाटली. काकांना न सांगता फॉर्मवरच्या नंबरवर सरळ मुलाला लावला.

९ ऑगस्ट
मुलाचा फोन. अंगठा काढावा लागला. पाय वाचला. दोनदा थँक्स म्हणाला. आता पद्माम्मांकडे पाठवणार नाही. त्यांचा यात दोष नाही म्हटलं; त्याने ऐकून घेतलं फक्त.
पद्माम्मांना जाऊन सांगितलं. म्हणाल्या, मी एकदाही मोजे काढायला लावले नाहीत.

२२ ऑगस्ट
गौलीगुड्याला गेले. काका पलंगावर, पाय उशीवर. मुलाने चहा दिला आणि आतल्या खोलीत कामाला बसला, दार लावून. गोळ्या सुरू आहेत, साखर उतरली. आग परत आली आहे, आधीपेक्षा जास्त. आकडा विचारायची हिंमत झाली नाही.
आज बाळ नाही म्हणाले. मॅडम.
"तुम्ही पाय वाचवला, ते बरोबर. पण मला विचारलं नाही."
चुकलं म्हटलं. काकांनी मान हलवली. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी चहा संपवला, कप स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. निघाले तेव्हा डोळे मिटलेले होते. झोप नव्हती ती.

२६ ऑगस्ट
बाईंना काकांचा फॉर्म हवाय. 'मध्येच सोडले' यात टाक, कारण एका ओळीत लिही, पुढे चल म्हणतात. ओळ तीनदा लिहून खोडली. 'घरच्यांचा निर्णय', हे खोटं नाही. पण निर्णय आधी मीच घेऊन टाकला होता. आणि काकांचे आकडे, तो एक, तो तीन, तेही खोटे नव्हते. मग काय होते?
पद्माम्मांचा दुपारी फोन : काकांना एकदा घरी जाऊन भेटू का? उपचार नाही करणार, नुसती बसेन.
मुलाला विचारलं. पहिल्यांदा नाहीच म्हणाला. मग म्हणाला, बाबांना विचारून सांगतो.
सात वाजले. फोन नाही. फॉर्म तसाच.