नऊ जणांचा एकच श्वास

३ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न.

रागाने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून वाचून घे. तुमच्या दगड कापायच्या शेडमधल्या तपासणीचे निकाल काल माझ्या टेबलावर आले. नऊ जणांची फुप्फुसं अगदी एकसारखी ठणठणीत! साठीच्या पॉलिशवाल्याचीही, आणि तुझीही. दोन जिने चढताना तीनदा चपलेचा पट्टा नीट करायला थांबणारा माणूस तू!

वहिनीने सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. तोंडाला दगडाची भुकटी फासून तुमचा ट्रकवालाच नऊदा मशीनमध्ये फुंकून गेला. आमच्या नव्या तंत्रज्ञाला सगळे सारखेच दिसले. अरे, मुकादम ना तू? नर्स बहिणीलाच बनवलंस? आजार लवकर कळला तर त्याला आवर घालता येतो रे!

लोभ आहे म्हणूनच भांडतेय.

तुझी भिंगरी

९ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिव्या तेवढ्या घालायच्या राहिल्या, त्याही पुढच्या वेळी घाल. हो, ट्रकवाल्याला मीच उभं केलं. पण माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. गेल्या वर्षी तपासणी झाली, आठवड्यात आजारी निघालेल्यांची यादी मालकाच्या हातात, आणि संध्याकाळी दोघांना घरी बसवलं. औषध नाही, पाणी मारून दगड कापायची सोय नाही. धूळ होती तशीच आहे. ती यादी कुणी पाठवली गं? आधी ते शोध, मग मला शहाणपण शिकव.

तब्येतीला जप.

तुझा दादा

१६ जानेवारी

ती. दादास नमस्कार.

शोधलं. फाइल काढली. यादीखाली सही माझी आहे. आमच्या डॉक्टरसाहेबांनी पुढे केलेल्या गठ्ठ्यावर न वाचता केली होती. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

यंदाचे निकाल मी रद्द केलेत. साहेबांच्या तोंडावर सांगितलं, की यापुढे मालकाकडे नावं जाणार नाहीत, धुळीचा अहवाल जाईल आणि पाण्याची नळी लावायचा हुकूम जाईल. ते भडकले. भडकू देत. नऊही जण गुरुवारी दवाखान्यात या आणि ज्याने त्याने आपल्याच तोंडाने फुंकावं. कागद माझ्या कुलपात राहतील.

काल त्या दोघांच्या घरी जाऊन आले. एक भेटला, अंथरुणात बसूनच बोलला. दुसऱ्याची बायको भेटली. नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले, म्हणाली.

दादा, तू ये. मला अजून खूप भांडायचंय तुझ्याशी.

तुझी भिंगरी