उलटा ठेवलेला फोन

ब्राह्मी टीचर,
माधवनगरहून आसियाच्या अम्मीचा सलाम.

पालकसभेत तुम्ही सांगितलंत, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक प्रार्थनेला नुसते गप्प बसतात, प्रत्येक माणसात उजेड असतो असं मानतात. म्हणून तुमच्या वर्गातली पोरं कुणाचाही फोटो पाठवण्याआधी फोन उलटा ठेवतात, जरा गप्प बसतात आणि मग त्या माणसालाच विचारतात. मी मनात हसले होते. म्हटलं, सहा वर्षांची पोरं आणि गप्प बसणार!

काल माझ्या सासूबाई लकव्यानंतर पहिल्यांदा भिंत धरून चालल्या. मी हौसेनं व्हिडिओ काढला. घरच्या ग्रुपवर टाकणार, तेवढ्यात आसियानं फोन घेतला, चटईवर उलटा ठेवला आणि मांडी घालून बसली. तिला बघून आम्हीही गप्प झालो. मग तिनं विचारलं, "दादी, पाठवू का?"

टीचर, लकवा मारल्यापासून त्यांचं औषध, जेवण, अंघोळ, सगळं आम्ही शहाणी माणसंच ठरवत होतो. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "नगं गं. पाय लय फरफटतोय."

व्हिडिओ मी लगेच डिलीट केला.

तुमचं कौतुक कळवावं म्हणून एवढं लिहिलं. पण यात सासूबाईच आहेत, म्हणून त्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "पाठवू का?"

"कागुद कशाला? टीचरला मीच चालत जाऊन सांगते."

म्हणून हे पत्र उलटं ठेवलंय. आज त्या उंबऱ्यापर्यंत पोचल्या.

तुमची,
रशीदा