चौथी तार उतरते

एचएसआर लेआउट, बंगळूर
बुधवार

ती. वन्सं,

नमस्कार. तुमच्याकडे सगळे खुशाल असणार, कारण नसते तर तुमचा फोन आला असता. तुमच्या यजमानांचा खोकला, प्रांजली नातीची बारावी आणि गच्चीची गळती, या तिन्हींची मी मनापासून चौकशी केली आहे असं समजावं. इथे मी, जितेंद्र आणि जितेंद्रचा लॅपटॉप ठीक आहोत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला तिसऱ्याच वाक्याला अडवता.

गेल्या खेपेला व्हिडिओवर तुम्ही माझ्या खोलीतल्या ज्या वस्तूला 'इस्त्रीचं टेबल' म्हणालात, ती पेडल स्टील गिटार आहे. कॉन्व्हेंटमध्ये मी मांडीवरची हवाईयन गिटार वाजवत असे, ती लग्नात बरोबर आणली आणि पहिल्याच दिवाळीत ती माळ्यावर गेली, हे तुम्हाला आठवत असेल. (सासूबाई म्हणाल्या होत्या, मांडीवर गिटार नको, नातू दे. नातू दिला, हा जितेंद्र. गिटार परत मिळाली नाही.) आता ही तिची थोरली बहीण मी स्वतःच्या फंडातून घेतली आहे. फ्रेझर टाउनमध्ये एका चर्चमध्ये वाजवणारे म्हातारे गृहस्थ लेकीकडे पर्थला निघाले होते, त्यांच्याकडून. वर दहा तारा, खाली तीन पेडल, आणि पेडलच्या वर गुडघ्याने ढकलायच्या चार दांड्या. पेडल दाबलं की पोटातल्या सळया ओढल्या जातात आणि ठरलेल्या तारेचा सूर चढतो. पाय उचलला की सूर जागेवर येतो. दांडीचंही तसंच, फक्त काही दांड्या सूर उतरवतात. एकूण दोन हात, दोन पाय, दोन गुडघे आणि दोन कान, सगळे एकाच वेळी कामाला लागतात. संसारात याहून कमी लागतं, आणि तरी कुणी टाळ्या वाजवत नाही.

येत्या रविवारी आमच्या मराठी मंडळाचं संमेलन आहे आणि त्यात मला दहा मिनिटं मिळाली आहेत. वन्सं, स्टेजवर मी शेवटची वाजवली ती अकरावीत असताना. ही दहा मिनिटं मला हवी आहेत, आणि नेमक्या याच वेळी गिटार बिघडली. बिघाड असा की मी तिसऱ्या तारेचं पेडल दाबते आणि उतरते चौथी तार. लेकी बोले सुने लागे, याचं यांत्रिक रूप. (तुम्ही त्या घरातली लेक, मी सून, तेव्हा अधिक खुलासा नको.) आणि लबाडी बघा, मी खुर्चीतून उठून कुणाला दाखवायला गेले की तार एकदम सुरात. दवाखान्याच्या पायरीवर मुलाचा ताप उतरतो, तसं. मंडळाचे सेक्रेटरी मालोजीराव यांना मी हे प्रामाणिकपणे सांगितलं, तर त्यांनी तोंडावर हळहळ दाखवून, गुरुवारच्या तालमीपर्यंत वाद्य नीट झालं नाही तर माझी दहा मिनिटं लहान मुलांच्या फॅन्सी ड्रेसला देण्याची तयारी दाखवली. एका भाजीच्या पोशाखातल्या पोरासाठी मी सत्तावन्न वर्षं थांबलेले नाही.

जितेंद्रने संगणकावर एक टोपीवाला अमेरिकन शोधला. तो सांगत होता, स्प्रिंग तपासा, सळया कुठे घासतात ते बघा, तेल घाला, आणि शेवटी म्हणाला की निम्मे बिघाड वाद्यात नसतात, वाजवणाऱ्यात असतात. दुसऱ्याच्या घरात येऊन असं बोलणाऱ्या माणसाला मी बंद केलं. मग वाद्यांच्या दुकानातला एक पोनीटेलवाला आला. त्याने ही वस्तू आजवर फक्त फोटोत पाहिली होती आणि तसं तो अभिमानाने म्हणाला. त्याने तार बदलली, उभ्या उभ्या छेडली, सुरात आहे म्हणाला आणि गेला. मी बसले, पेडल दाबलं, चौथी उतरली. (तुमच्या मिरजेत असते तर एखाद्या सतारमेकरने निदान जमिनीवर बसून कान तरी दिला असता.)

शेवटी आमच्या इमारतीखालच्या शिंप्याने मंजुनाथला पाठवलं. हा आनेकलकडच्या कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई मशीनं दुरुस्त करतो. वाद्याकडे त्याने असं पाहिलं की जणू रोज अशी चार येतात, आणि सरळ चटईवर उताणा होऊन खाली शिरला. त्याला हिंदीचे सहा शब्द येतात आणि मला कन्नडचे दोन, 'सरी' म्हणजे ठीक आणि 'स्वल्प', त्यातला दुसरा आपलाच आहे. त्याने हाताने दाबायची खूण केली, मी पेडल दाबलं. तो खालून म्हणाला, "सरी." मी पाय उचलला. तो म्हणाला, "बिडी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तो पुन्हा म्हणाला, "बिडी, अम्मा, बिडी." वन्सं, परक्याच्या घरात, वाद्याखाली उताणं पडून, बाईमाणसाकडे विडी मागायची. मी त्याला हिंदीत शांतपणे सांगितलं की या घरात कुणी ओढत नाही, जितेंद्रच्या बाबांनीही शेवटी सोडली होती. 'सोडली'चा काही उपयोग झाला नाही. आवाज चढवून तो म्हणतच राहिला, बिडी, बिडी. आता हा अर्ध्यावर उठून गेला तर गुरुवार गेला आणि रविवारही गेला. तेव्हा (हे तुमच्यापाशीच ठेवा) मी स्वयंपाकघरात हाक मारली आणि शिवलीलाला सांगितलं की खाली टपरीवर जा आणि या माणसाला विड्यांचं एक बंडल आण. ज्या नन्सनी मला वाढवलं त्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली.

शिवलीला आमची स्वयंपाकाची बाई, अथणीकडची, दोन्ही भाषा तोंडात घेऊन जन्मलेली. पिठाचे हात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आजी, त्याला इडी-बिडी काय नको. कन्नडात बिडी म्हणजे सोडा. सोडा म्हणालाय तो तुम्हास्नी."

"काय सोडू? पाय केव्हाच उचलला. मी काहीही धरलेलं नाही."

यावर मंजुनाथने खालून हात काढला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने माझ्या डाव्या गुडघ्यावर दोनदा ठोकलं, नारळ पाहतात तसं. गुडघा दांडीला टेकलेला होता. शिवलीलाने भाषांतर केलं ते असं: कारखान्यात मशीनला गुडघ्याने ढकलायची अशीच दांडी असते. संध्याकाळी बायका दमल्या की गुडघा आपोआप तिच्यावर विसावतो, टाका सैल पडतो, आणि सुपरवायझर मशीनला शिव्या देतो. "मशीन चांगलंय म्हणतो. अम्मा दमल्यात म्हणतो."

मी दमलेली नाही हे त्याला कळवायला सांगितलं. तिने कळवलं की नाही, देव जाणे, दोघं बराच वेळ हसत होती. त्याने दांडी दोन बोटं मागे सरकवून दिली आणि चहा घेऊन गेला. माझ्या मते दांडी मुळातच चुकीच्या जागी बसवलेली होती आणि मालोजीरावांना मी तसंच कळवलं आहे. दोष लोखंडात होता, तो दूर झाला. उद्या तालीम आहे.

यजमानांना नमस्कार, प्रांजलीला आशीर्वाद.

आपली,
सुचेता

ता. क. दांडी दोन बोटं मागे गेली तसा गुडघाही दोन बोटं मागे गेला. सध्या जितेंद्रच्या ऑफिसच्या ओळखपत्राच्या पट्ट्याने तो खुर्चीच्या पायाला बांधून वाजवते. निऱ्यांखाली दिसत नाही. तार उतरत नाही. कार्यक्रम संपल्यावर सोडवायला शिवलीलाला विंगेत उभं करणार आहे, नाहीतर खुर्चीसकट नमस्कार करावा लागेल.

ता. क. वर मी खोकल्यापासून गळतीपर्यंत सगळ्यांची चौकशी केली आणि तुमच्या नव्या गुडघ्यांची तेवढी केली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मुद्दाम केली नाही. केली असती तर तुम्ही डॉक्टरांचं नाव सांगितलं असतं. आता सांगा. जितेंद्रला कळवू नका, तो तीन वर्षं 'गुडघे बदलून घे' हेच म्हणतो आहे आणि त्याचं खरं ठरलेलं मला इतक्यात चालणार नाही.

ता. क. पण डॉक्टरांच्या आधी एक काम करा. ताठ पाठीच्या खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर टेकलेलं राहू द्या, आणि डावा नवा गुडघा डावीकडे आणि उजवीकडे किती जातो ते प्रांजलीला पट्टी धरायला लावून मोजा. आणि मुख्य म्हणजे, जाऊन परत मध्ये येऊन तिथेच थांबतो का ते बघा. अदमासे नको, सेंटिमीटरमध्ये कळवा. गुढीपाडव्याला मी अर्धा तास मागितला आहे. नीट थांबत असेल तर मी ऑपरेशनला तयार आहे, नसेल तर पट्टा बरा.