वरोऱ्याहून काळे केस

चांदा, शनिवार, माघ १९५२

हे आज वरोऱ्याहून केस काळे कुळकुळीत करून आले. सलूनमध्ये खिजाब लावला म्हणे. शनिवारी नखाला कात्री लावलेली ज्यांना चालत नाही, ते न्हाव्यापुढे बसले? तीन वर्षे मी लोखंडी कढईत आवळकाठी नि मेंदी भिजवून यांच्या डोक्याला लावते. कधी तक्रार नाही.

"घरच्यानं लाल दिसते," म्हणाले.

"कोणाले दिसते? मले त नाई दिसत."

"तू त रोजच पाहून राह्यली."

मग रोज न पाहणारी कोण?

वरोऱ्याला यांची बहीण असते. आमच्या लग्नाला बारा वर्षे झाली, मूल नाही. वन्सं दिवाळीपासून यांच्यासाठी दुसरी बायको पाहताहेत. तिचं मनावर घेऊ नको, असे हेच म्हणाले होते. मी घेतलेही नव्हते. पण शनिवारी, न्हाव्याकडे?

मारुतीला दिवा लावला, मन लागले नाही. जेवताना मी म्हटले, "सोमवारी वरोऱ्याले मीबी येतो."

यांचा घास हातात तसाच राहिला. "तू काऊन?"

सोमवारी पुन्हा जाणार, असे हे बोललेच नव्हते. मी नुसता खडा टाकून पाहिला होता.